एक सातबारा आणि सगळे सातबारे

गट क्रमांक दिला की आमचा सातबारा मोबाइलच्या पडद्यावर मिनिटाभरात उमटतो. मग यंदाच्या खरिपात धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन एकंदर किती हेक्टरांवर आहे, त्यातले जिरायत किती नि बागायत किती, आणि आज ज्या जमिनीवर सोयाबीन उभे आहे तिच्यावर दहा वर्षांपूर्वी कोणते पीक होते, एवढे सांगायला कचेरीला आठ-आठ दिवस का लागावेत? सगळे सातबारे तर संगणकातच आहेत ना? संगणकाचा विषय निघाला की हा प्रश्न विचारणारा एखादा शेतकरी वा शिक्षक हटकून भेटतो, आणि त्याच्या स्वरात थोडा संशयही असतो, की माहिती आहे पण ती द्यायची नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र कुणाच्या नियतीत शोधण्याआधी माहिती मांडून ठेवण्याच्या पद्धतीत शोधले पाहिजे. आणि त्या उत्तराचा माग काढता काढता आपण अशा एका यंत्रापाशी येऊन पोहोचतो की जे केवळ याच प्रकारच्या प्रश्नांसाठी घडवले गेले, ज्याच्यावर बँकांनी आणि दूरध्वनी कंपन्यांनी अमाप पैसा ओतला, आणि ज्याच्या वापराचे बरेवाईट अनुभव उद्या आपल्या जिल्हा कचेऱ्यांनाही उपयोगी पडण्याजोगे आहेत.

१. नमुना बारा आणि नमुना अकरा

ज्यांनी आपल्या महसुली दप्तराची रचना केली त्यांना हा भेद संगणकाच्या कितीतरी आधी उमगला होता. तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दप्तरात एक ते एकवीस असे गावनमुने असतात. त्यांपैकी नमुना सात हा जमिनीवरील हक्क सांगतो, नमुना बारा हा त्या जमिनीतील पीक सांगतो, आणि दोन्ही एकाच कागदावर आले की त्याला आपण सातबारा म्हणतो. याच दप्तरात नमुना अकराही असतो, तो पिकांचा गोषवारा. नमुना बारामध्ये अमुक गटात ८० आर सोयाबीन आणि २० आर तूर अशी शेतागणिक नोंद असते. नमुना अकरामध्ये साऱ्या गावाची बेरीज असते. पहिला ‘कोणते शेत?’ या प्रश्नाचे उत्तर देतो, दुसरा ‘एकंदर किती?’ या प्रश्नाचे.

आता हा गोषवारा वर कसा चढतो ते पाहा. गावाची बेरीज मंडळाकडे, मंडळाची तहसिलीत, तहसिलीची जिल्ह्याच्या कचेरीत. आणि प्रत्येक पायरीवर कागद हलका होत जातो, कारण बेरीज पुढे जाते आणि तपशील मागे राहतो. जिल्ह्याच्या टेबलावर सोयाबीनचे हेक्टर येतात, पण ते कुणाच्या शेतातले, विहिरीच्या पाण्यावरचे की पावसावरचे, गेल्या साली तिथे ज्वारी होती की ऊस, हे त्या आकड्यात उरत नाही. तेव्हा ज्या प्रश्नासाठी रकाना आधीच आखलेला आहे त्याचे उत्तर तत्काळ मिळते. आणि जो प्रश्न रकाना आखणाऱ्याला सुचलाच नव्हता त्याच्या उत्तरासाठी पुन्हा खाली, थेट नमुना बारापर्यंत, उतरावे लागते. आठ दिवस लागतात ते या उतरण्या-चढण्याला.

तेव्हा आपली गरज अशा व्यवस्थेची आहे की जिच्यात कोणतीही बेरीज आधी करून न ठेवता जिल्ह्यातले सगळे नमुना बारा, सर्व वर्षांचे, जसेच्या तसे एकत्र असतील, आणि मनात येईल तो गोषवारा मनात येईल तेव्हा त्यांतून काढता येईल. अशा व्यवस्थेला संगणकशास्त्रात डेटा वेअरहाऊस म्हणतात. आपण तिला माहितीचे कोठार म्हणू.

२. कोठार वेगळे का हवे?

सातबारे ज्या संगणकात आहेत त्यालाच हा मोठा प्रश्न का विचारू नये, अशी शंका कुणीही घेईल. विचारता येतो, पण तो संगणक त्या क्षणी दुसऱ्या कामात गुंतलेला असतो. कुठे फेरफार मंजूर होत असतो, कुठे वारसाची नोंद चढत असते, कुठे एखादा विद्यार्थी दाखल्यासाठी आठ-अचा खातेउतारा काढत असतो. ही सारी कामे लहान, क्षणभराची, पण हजारोंच्या संख्येने चाललेली असतात. त्यांच्या मध्येच लाखो ओळी वाचून बेरीज करण्याचे काम लावले तर बाकीची कामे खोळंबतात, आणि खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या सर्वांच्या परिचयाचे उत्तर मिळते: सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. म्हणून दिवसभराच्या नोंदींची प्रत रात्री वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यायची आणि मोठे प्रश्न तिथे विचारायचे, अशी प्रथा पडली.

दुसरे कारण काळाचे आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. खरिपाची पैसेवारी, म्हणजे गावच्या पिकाचा पैशांत मांडलेला अंदाज, आपल्याकडे तीनदा जाहीर होते: ३० सप्टेंबरच्या सुमारास नजरअंदाज, ३१ ऑक्टोबरच्या सुमारास सुधारित, आणि १५ डिसेंबरच्या सुमारास अंतिम. चालू कामाच्या संगणकात नवा आकडा बसला की जुना पुसला जाण्याचा संभव असतो, कारण त्याला ‘आज काय आहे’ एवढ्याशीच कर्तव्य असते. कोठारात तिन्ही आकडे आपापल्या तारखेसह राहतात. नजरअंदाजात पन्नास पैशांच्या वर असलेली किती गावे अंतिम पैसेवारीत खाली आली, आणि ती वर्षानुवर्षे त्याच मंडळातली असतात की काय, हे विचारायचे तर तिन्ही आकडे जपलेले असले पाहिजेत.

या कल्पनेचा आराखडा आयबीएममधील बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ साली एका निबंधात मांडला आणि बिल इनमन यांच्या १९९२ च्या पुस्तकाने ती व्यवसायजगतात रूढ केली. मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने आपल्या कोठारातील आर्थिक आकडेवारी २००४ पासून सर्वांसाठी खुली केली, आणि २०२३ च्या जून महिन्यात ‘सिम्स’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी नवी केंद्रीय व्यवस्था सुरू केली. धाराशिव जिल्ह्यातल्या बँकांच्या ठेवी आणि कर्जे यांचे प्रमाण घरबसल्या पाहता येते ते बँकेच्या या परंपरेमुळेच.

३. यंत्र एकसंध विकत घेणे

कोठार बांधायचे तर साठवणुकीच्या तबकड्या एका व्यापाऱ्याकडून, गणन करणारे संगणक दुसऱ्याकडून, आणि माहितीची मांडणी सांभाळणारी आज्ञावली तिसऱ्याकडून घ्यायची आणि जाणकारांनी महिनोन्‌महिने खपून ती एकमेकांशी जुळवायची, असा रिवाज होता. जुळणी बिघडली की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवत. याला उत्तर म्हणून असा विचार पुढे आला की हे सर्व एकाच उंच कपाटात, कारखान्यातच जुळवून, कुलूपबंद करून द्यावे. ग्राहकाने वीज जोडावी, माहिती भरावी आणि प्रश्न विचारावेत. या तयार संचालाच इंग्रजी व्यापारी जगताने अप्लायन्स असे नाव दिले.

कॅलिफोर्नियात १९७९ साली स्थापन झालेल्या टेराडाटा या कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणलेले यंत्र हा या घराण्याचा मूळ पुरुष. त्याच्या नावातील १०१२ हा आकडा दहाचा बारावा घात, म्हणजे एक लाख कोटी अक्षरे, साठवण्याची आकांक्षा सांगत होता. आज तेवढी अक्षरे खिशात मावतात. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये जित सक्सेना आणि फॉस्टर हिनशॉ यांनी उभ्या केलेल्या नेटेझा या कंपनीने २००३ च्या सुमारास हा विचार अत्यंत साधेपणाने अमलात आणला. २००८ मध्ये ओरॅकलने एक्साडेटा आणले. २०१० मध्ये आयबीएमने नेटेझा सुमारे १७० कोटी डॉलरांना विकत घेतली आणि तिच्या यंत्राला पुढे प्युअरडेटा असे नाव दिले. असे यंत्र धाराशिवच्या कचेरीत आहे असे मी सुचवत नाही. परंतु ते कसे चालते हे समजून घ्यायला आपल्या जिल्ह्याची माहिती अगदी सोयीची आहे, म्हणून पुढची सगळी उदाहरणे, त्यांतील आकडे कल्पित धरून, इथलीच घेतो.

४. आठ टोळ्या

सोयाबीन काढणीला आले की मोठा बागायतदार एका टोळीवर विसंबून राहत नाही. पाऊस माथ्यावर असतो, शेंगा फुटायची भीती असते. तेव्हा तो रानाचे आठ तुकडे पाडून आठ टोळ्यांना गुत्ते देतो आणि सगळ्या एकाच वेळी कामाला लागतात. एका टोळीला आठ दिवस लागले असते ते काम एका दिवसात उरकते. पण तुकडे सारखे पाडले असतील तरच! एका टोळीच्या वाट्याला अर्धे रान आणि बाकीच्या सातांना उरलेले अर्धे, असे झाले तर सात टोळ्या पहिल्याच दुपारी विळे पुसून बांधावर बसतील आणि आठवी चार दिवस राबत राहील. आणि रान मोकळे व्हायला लागलेले दिवस चारच धरावे लागतील.

या यंत्राचे मर्म तेवढेच आहे. कपाटात अनेक, आपल्या उदाहरणापुरते आठ, छोटे संगणक असतात, प्रत्येकाच्या हाती माहितीचा एक वाटा असतो, आणि प्रश्न आला की सगळे आपापला वाटा एकाच वेळी वाचतात. शेवटी एक मुकादम संगणक आठांच्या बेरजांची बेरीज करून उत्तर देतो.

मग वाटे कशावरून पाडायचे? धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे नेमके आठ तालुके आहेत, म्हणून तालुक्यागणिक वाटा पाडण्याचा मोह कुणालाही होईल. समजा एकंदर आठ लाख नोंदी आहेत आणि एक संगणक मिनिटाला एक लाख नोंदी वाचतो. सारखे वाटे झाले तर उत्तर एका मिनिटात येते. परंतु धाराशिव तालुका मोठा आणि वाशी-लोहारा लहान. मोठ्याच्या दोन लाख नोंदी असल्या तर उत्तराला दोन मिनिटे लागतात. त्याहून वाईट म्हणजे पिकागणिक वाटा पाडणे, कारण या जिल्ह्याच्या खरिपात सोयाबीनचे वर्चस्व एवढे आहे की आठ लाखांतल्या पाच लाख नोंदी एकाच संगणकाच्या माथी बसतील आणि घेतलेल्या आठ संगणकांना दोघांइतकीही योग्यता उरणार नाही. यालाच जाणकार स्क्यू, म्हणजे वाट्यांचा असमतोल, म्हणतात. आणि यंत्र महागाचे असूनही मंद का, या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हाच असमतोल निघतो.

मग खातेक्रमांकावरून वाटे पाडू म्हणावे, तर १ क्रमांकाचे खाते प्रत्येक गावात असते. जनगणनेने प्रत्येक गावाला दिलेला सहा अंकी संकेतांक आणि त्या गावातील खातेक्रमांक, अशी जोडी घेतली म्हणजे प्रत्येक खात्याची ओळख अनन्य होते आणि वाटे जवळजवळ सारखे पडतात. यात आणखी एक लाभ आहे. आठ-अची नोंद आणि त्याच खात्याच्या पिकांच्या नोंदी या दोहोंचे वाटे एकाच जोडीवरून पाडले, तर एका खातेदाराचे सर्व कागद एकाच संगणकापाशी येतात. दोन हेक्टरांखालील खातेदारांनी तूर किती लावली असा दोन नोंदवह्यांना स्पर्श करणारा प्रश्न आला, तरी कागदांची इकडून तिकडे ने-आण करावी लागत नाही. अशी ने-आण हेच या यंत्रांचे सर्वांत खर्चिक काम असते.

५. न वाचण्याची विद्या

वाटे पाडल्यावरही प्रत्येक संगणकाला आपला वाटा वाचावाच लागतो, आणि तबकडीवरून वाचणे हे गणनाच्या मानाने फार सावकाश चालते. म्हणून या यंत्रांच्या कर्त्यांनी आपली सारी बुद्धी पणाला लावली ती कमीत कमी वाचावे लागावे यासाठी.

दर साली सहा लाख पीक-नोंदी, दहा सालांच्या साठ लाख. प्रत्येक नोंदीत चाळीस रकाने आणि प्रत्येक रकान्यात सरासरी दहा अक्षरे, म्हणजे एका नोंदीची चारशे अक्षरे धरू. सगळे मिळून २४० कोटी अक्षरे झाली. आता मला फक्त शेवटच्या दोन सालांतील सोयाबीनचे क्षेत्र हवे आहे. माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर यंत्राने आधीच एक चिठ्ठी लावून ठेवलेली असते: यातले सर्वांत जुने साल अमुक, सर्वांत नवे तमुक. चिठ्ठी पाहूनच आठ सालांचे गठ्ठे न उघडता बाजूला राहतात आणि वाचायला उरतात ४८ कोटी अक्षरे. नेटेझाने यापुढे एक पाऊल टाकले. तबकडी आणि गणक यांच्या मध्ये तिने एक खास चिप बसवली, आणि नको असलेले रकाने व नको असलेल्या ओळी तिथल्या तिथे गाळून टाकण्याचे काम तिला दिले. मला हवे आहेत साल, पीक आणि क्षेत्र हे तीन रकाने. तेव्हा नोंदीमागे तीसच अक्षरे पुढे जातात आणि गणकाच्या हाती पडतात फार तर तीन कोटी साठ लाख अक्षरे. दुसऱ्या काही कर्त्यांनी हेच निराळ्या रीतीने साधले: त्यांनी माहिती ओळीने न ठेवता रकान्याने ठेवली, म्हणजे सगळी साले एका जागी आणि सगळी पिके दुसऱ्या जागी, त्यामुळे न लागणाऱ्या रकान्याला हातच लावावा लागत नाही.

चिठ्ठीची युक्ती एका अटीवर चालते, ती म्हणजे गठ्ठे सालवार लागलेले असावेत. मागच्या दहा सालांच्या दुरुस्त्या एका रात्रीत सरमिसळ भरल्या की त्या रात्रीच्या प्रत्येक गठ्ठ्यात सर्वांत जुने आणि सर्वांत नवे अशी दोन्ही साले येतात. चिठ्ठी खोटी नसते, पण निरुपयोगी होते. काल चाळीस सेकंदांत येणारे उत्तर आज सात मिनिटे घेते आणि यंत्रात काहीही बिघडलेले नसते, हा गोंधळात टाकणारा अनुभव अशाच रात्रींनंतर येतो.

६. वापरणाऱ्यांना काय आढळले

ज्या बँका, दूरध्वनी कंपन्या आणि किरकोळ विक्रीच्या साखळ्या यांनी ही कपाटे घेतली त्यांचे पहिले मत बहुधा हर्षाचे असे. रात्रभर चालणारा ताळेबंद चहा घेईपर्यंत तयार होऊ लागला. पूर्वी प्रत्येक प्रश्नासाठी निरनिराळ्या सूची रचून त्या सांभाळायला तज्ज्ञांची फौज लागे. नेटेझासारख्या यंत्रात सूचीच नाहीत, म्हणून फौजही नको. माझ्या मते यातली खरी मिळकत वेगाहून निराळी होती. उत्तर उद्या मिळणार असले की माणूस एकच प्रश्न, तोही जपून, विचारतो; उत्तर ताबडतोब मिळू लागले की पहिल्या उत्तरातून दुसरा प्रश्न सुचतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि चौथ्या प्रश्नाशी त्याला असे काही गवसते की जे शोधायला तो बसलाच नव्हता. विश्लेषण म्हणतात ते हेच.

मग हळूहळू मर्यादाही दिसू लागल्या.

सूची नसल्यामुळे एकच सातबारा काढून द्यायला हे यंत्र गैरसोयीचे ठरते. एका ओळीसाठीही ते आपली सगळी पथके कामाला लावते. खिडकीवरचे काम त्याच्याकडे सोपवायचे नसते, हे न ओळखता ज्यांनी दोन्ही कामे त्याच्यावर लादली ते निराश झाले.

एका वेळी एक भारी प्रश्न ते लीलया पेलते, पण पन्नास जणांनी पन्नास भारी प्रश्न एकदम टाकले की रांग लागते. आपल्या कचेऱ्यांचा दिनक्रम ज्याला ठाऊक आहे त्याला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको: मंत्रालयातून अकराची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, ठरली की साडेदहाला आठही तहसिलींतून तोच अहवाल मागवला जातो. शहाण्या व्यवस्थापकांनी यावर तोडगा काढला तो असा, की सर्वांना लागणारा नेहमीचा अहवाल पहाटेच तयार करून ठेवायचा आणि दिवसाचा वेळ नव्या प्रश्नांसाठी मोकळा राखायचा.

तिसरा अनुभव दुरुस्त्यांचा. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि खाली नवे नाव चढवतात. नेटेझाच्या यंत्रातही नोंद बदलली की जुनी ओळ कंसात गेल्यासारखी तिथेच राहते आणि नवी ओळ निराळी लिहिली जाते. प्रश्न विचारताना कंसातल्या ओळीही वाचून मग सोडून द्याव्या लागतात. ठराविक काळाने झाडलोट करून त्या काढून टाकण्याची आज्ञा द्यावी लागते. ‘देखभाल नको’ या जाहिरातीवर विश्वासून ज्यांनी ती आज्ञा कधी दिलीच नाही त्यांची यंत्रे महिन्यागणिक सुस्तावत गेली.

आणि शेवटचा, सर्वांत कटू, तो वाढीचा. कपाट भरले की बहुधा अर्धे कपाट वाढवता येत नाही. पुढचे, मोठे, पूर्ण कपाटच घ्यावे लागते. ते ज्या कंपनीचे तिच्याच भावाने! आणि कंपनीने त्या वाणाला पाठिंबा देणे थांबवल्याचे जाहीर केले की सुरळीत चालणारे यंत्रही मोडीत काढण्याची वेळ येते. यंत्राचे आयुष्य फार तर दहा वर्षांचे आणि त्यातल्या माहितीचे शंभर वर्षांचे, हे खरेदीच्या वेळी फार थोड्यांनी मनावर घेतले होते.

७. उस्मानाबाद आणि धाराशिव

आतापर्यंत वेगाचे झाले. उत्तर खरे असण्याचा प्रश्न निराळा आहे, आणि त्यासाठी आमच्या जिल्ह्याइतके बोधप्रद उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. त्याच्या आधीच्या सगळ्या नोंदींत उस्मानाबाद आहे. कोठाराला ‘जिल्हा धाराशिव, दहा सालांचे सोयाबीन’ असा प्रश्न विचारला तर यंत्र अतिशय त्वरेने आणि अतिशय आत्मविश्वासाने २०२३ पासूनचे आकडे देईल, आणि त्याआधी या भागात सोयाबीन शून्य होते असे दाखवील. उत्तर चूक आहे हे यंत्राला कळणार नाही. पुण्याच्या किंवा दिल्लीच्या कचेरीत बसलेल्या, हा जिल्हा कधी न पाहिलेल्या अधिकाऱ्यालाही कदाचित कळणार नाही. म्हणून नावाने ओळख पटवायची नाही, संकेतांकाने पटवायची: २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२५ होता, आणि नाव बदलले म्हणून जमीन बदलत नाही.

परंतु कधी कधी जमीनही बदलते. १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर हा वेगळा जिल्हा झाला. तेव्हा १९८१ च्या जनगणनेतील ‘उस्मानाबाद जिल्हा’ आणि २०११ मध्ये १६ लाख ५७ हजार ५७६ लोकसंख्येचा नोंदला गेलेला ‘उस्मानाबाद जिल्हा’ हे दोन वेगवेगळे भूभाग आहेत. नावावर विसंबून दोहोंची तुलना केली तर जिल्ह्याची लोकसंख्या घटली असा निष्कर्ष निघेल, आणि कुणी त्यावर स्थलांतराचा प्रबंधही लिहील. खालच्या पातळीवर हेच पुन्हा घडले आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने उद्ध्वस्त केलेले सास्तूर त्या वेळच्या कागदांत उमरगा तालुक्यात सापडते आणि आजच्या कागदांत लोहारा तालुक्यात. शिवाय त्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेतली पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली; गावाचे नाव तेच, माणसे तीच, पण घरे दुसऱ्या गटात. भूकंपापूर्वीची आणि नंतरची माहिती जोडायची तर कोणते गाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या जागी होते, याची एक स्वतंत्र वही कोठारात ठेवावी लागते. ही वही चार-पाच हजार ओळींचीच असेल, लाखो नोंदींच्या मानाने अगदी नगण्य. पण तिच्यावाचून बाकीचे सारे आकडे आंधळे आहेत.

नावांच्या आणखीही अडचणी आहेत. कळंब तालुका धाराशिवात आहे तसा यवतमाळातही आहे. राज्याचा तालुकावार अहवाल नुसत्या नावावरून काढला की दोन्ही कळंब एक होतात आणि मांजरेकाठचे सोयाबीन विदर्भाच्या कापसात मिसळून जाते. परंडा कुणी परांडा लिहितो, कुणी उमरगा ‘ऊ’ दीर्घ काढून लिहितो. माणूस समजून घेतो, यंत्र दोन तालुके मानते.

आणि काही नोंदी तर अद्याप कोठाराच्या उंबरठ्यापाशीही आलेल्या नाहीत. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळची पहाणीपत्रके, आणि त्यानंतर १९५४-५५ च्या सुमाराची खासरापत्रके, उर्दूत आणि मोडीत, रुमालांत बांधलेली आहेत. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातील कचेऱ्याकचेऱ्यांतून हे रुमाल सुटले, वाचणारे जाणकार धुंडाळावे लागले, आणि एकेक पान हाताने उलटावे लागले. त्या दिवसांत लाखो कुटुंबांच्या आशा ज्या ‘एकंदर किती आणि कोणत्या?’ या प्रश्नाला जडल्या होत्या, त्याच्या उत्तरासाठी जगातले कोणतेही कपाट उपयोगाचे नव्हते.

जिल्ह्याने आकड्यांच्या बळाचा अनुभव २०१८ पासून आणखी एका प्रकारे घेतला आहे. त्या साली जानेवारीत केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची योजना सुरू केली. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद हे चार जिल्हे तीत आले. आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन, कौशल्ये आणि मूलभूत सोयी यांविषयीचे ४९ निर्देशक डॅशबोर्डवर भरायचे, आणि जिल्हा किती पुढे आहे यापेक्षा गेल्या महिन्यापेक्षा किती सरकला यावर क्रम लावायचा, अशी तिची रीत. ही रीत मला न्याय्य वाटते, कारण मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्याला कायमचे तळाशी दाखवण्यात कुणाचेच हित नाही. पण तिच्या वापराला जाण हवी. अंगणवाडीत आजवर वजन न केलेल्या मुलांचे वजन नव्याने होऊ लागले की कमी वजनाच्या मुलांची संख्या वाढलेली दिसते. वस्तुतः काम सुधारलेले असते आणि पडद्यावरचा आकडा बिघडलेला. म्हणून एकंदर किती मुलांचे वजन झाले हा आकडा शेजारी असल्याखेरीज पहिला आकडा वाचूच नये.

८. भाड्याचे कोठार

गेल्या दहा-बारा वर्षांत कपाट विकत घेण्याची गरज ओसरत चालली आहे. ॲमेझॉनने २०१२ मध्ये रेडशिफ्ट ही सेवा जाहीर केली, २०१४ मध्ये स्नोफ्लेक आली, आणि दूरच्या संगणक-केंद्रातील जागा व गणनशक्ती तासाच्या भाड्याने मिळू लागली. नेटेझासुद्धा २०२० पासून नव्या रूपात, ढगातल्या, म्हणजे अशा भाड्याच्या (क्लाऊड) सेवेसह, उपलब्ध झाली. वाढीची अडचण मिटली. अकराच्या व्हीसीसाठी अर्धा तास चौपट शक्ती घेऊन नंतर परत करता येते. वाढीच्या अडचणीच्या जागी खर्चाची अडचण आली, कारण कपाटाला अडाणीपणे विचारलेला प्रश्न फक्त वेळ खात असे, आणि भाड्याच्या कोठाराला विचारलेला तसाच प्रश्न महिनाअखेरच्या बिलात उतरतो.

कपाटातून ढगात जे स्थलांतरित झाले त्यांचे अनुभव एका बाबतीत फार जुळतात. नोंदी हलवणे हे काम अवघड असले तरी ठराविक मुदतीत उरकत असे. रखडत असे ते प्रत्येक रकान्याचा अर्थ शोधण्याचे काम, कारण ज्याने ‘क्षेत्र’ हा रकाना भरायचे नियम ठरवले तो कर्मचारी निवृत्त झालेला असे आणि ते क्षेत्र पोटखराब्यासह की त्याविना, हे कुठेच लिहिलेले नसे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आपल्या शेतात उभा राहून सोयाबीनचे छायाचित्र काढणारा वाशीचा किंवा भूमचा शेतकरी दर हंगामात या कोठाराच्या पोत्यात एक मूठ टाकत असतो. त्याच्या नोंदीपुढे तारीख, गावाचा संकेतांक, क्षेत्र मोजण्याची रीत आणि दुरुस्ती झाली असल्यास आधीचा आकडा, एवढे चार रकाने कायम राखले, तर यंत्र कुणाचेही असो आणि कितव्यांदा बदललेले असो, वीस वर्षांनी त्याचा मुलगा विचारील त्या प्रश्नाला उत्तर देता येईल. आणि तो प्रश्न कोणता असेल हे आज आपल्यापैकी कुणाला सांगता येत नाही, म्हणूनच तर बेरजा नव्हेत, नोंदी जपायच्या असतात.